अस्तराच्या खोलीतली मुलगी

आमच्या कारखान्यात कोट शिवतात. खालच्या मजल्यावर मशिनांचा असा धडधडाट असतो, की शेजारणीला काही सांगायचं तर तिचा दंड धरून तोंड कानाशी न्यावं लागतं. वर मात्र शांत असतं. वर अस्तराची खोली. अस्तर कोटाला मशीनच जोडतं, पण खालची कड आणि बाह्यांची तोंडं हातानेच टाचावी लागतात. ते काम आम्ही आठ जणी एका लांब टेबलाभोवती बसून करायचो. हात गुंतलेले, कान रिकामे. रिकाम्या कानांत काय पडणार, तर एकमेकींच्या सासवा. त्या सासवांचा अगदी वीट आला तेव्हा काकूंनी वाचायला सुरुवात केली.

काकू आमच्यात सगळ्यांत मोठ्या. पूर्वी त्यांच्यासारखा बारीक टाका कुणाचा नव्हता, पण साठी जवळ आली तसा त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. हे मालकांच्या कानावर गेलं असतं तर त्यांना घरी बसवलं असतं. म्हणून आम्ही सात जणींनी त्यांच्या वाटणीचे कोट आपसांत घेतले आणि त्यांच्या हातात पुस्तक दिलं. कापड बेतायचे आणि आमच्यावर लक्ष ठेवायचे ते मास्तर. त्यांच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. दोन दिवस त्यांनी काणाडोळा केला. तिसऱ्या दिवशी दाराशी उभं राहून अर्धं प्रकरण ऐकलं आणि म्हणाले, "जरा मोठ्याने वाचा. जिन्यापर्यंत येत नाही."

चार वर्षांत आमची तीसेक पुस्तकं झाली. आम्ही स्वतःला 'अस्तर मंडळ' म्हणायचो. नियम दोनच. मध्ये बोलायचं नाही, जे काय बोलायचं ते चहाच्या वेळी. आणि जी पेंगेल तिने एक कोट जास्त करायचा.

ती कादंबरी काकूंना वाचनालयाने काढून टाकलेल्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. लेखकाचं नाव आम्ही कुणी ऐकलेलं नव्हतं. पुस्तक अकरा वर्षांपूर्वीचं, आणि त्यानंतर त्याने काही लिहिल्याचंही दिसत नव्हतं. एका घरात दोन म्हातारे भाऊ राहतात. थोरला खाली, धाकटा वर, मध्ये जिना. एकोणीस वर्षांचा अबोला. भांडण कशावरून झालं ते दोघंही विसरलेत, अबोला तेवढा लक्षात आहे. पहिली दोन प्रकरणं आम्हाला जडच गेली. आमच्यातली एक चांगली उंच आहे, वरच्या फळीवरची रिळं तीच काढते, म्हणून तिला आम्ही शिडी म्हणतो. ती चहाच्या वेळी म्हणाली, "काकू, हे दोघं बोलणारच नसतील तर आपण ऐकायचं काय?"

"थांब जरा," काकू म्हणाल्या.

तिसऱ्या प्रकरणात मुलगी आली.

थोरला बाहेरून घरी येतो, तर मागच्या अंगणातला नळ उघडा. आणि नळाखाली पाय धूत एक मुलगी उभी. आठ-नऊ वर्षांची. केस एका बाजूने स्वतःच कात्रीने कापलेले. कायम सर्दी झालेली, त्यामुळे बोलणं नाकातून, आणि नाक पुसायचं ते बाहीला. बाहीचं ऐकल्यावर आम्ही सगळ्याच कळवळलो, कारण बाह्या हा आमचा जीव. थोरल्याला वाटतं, ही धाकट्याकडे आलेली कुणी नातेवाईक. धाकट्याला वाटतं, थोरल्याकडची. आणि दोघं बोलत नसल्यामुळे विचारणार कोण? मुलगी खाली जेवते, वर जेवते, जिन्याखालच्या खणात झोपते. कुठून आलीस असं तिला कुणी विचारत नाही.

पुढचा दीड महिना आम्ही त्या मुलीसाठी कामावर आलो. शिडीने मखमलीचा एक उरलेला तुकडा बाजूला ठेवला होता. कशाला विचारलं तर म्हणाली, "तिच्या गळपट्टीला बरा दिसेल," आणि आपण काय बोललो ते कळल्यावर खाली मान घालून टाके घालू लागली. मी स्वतः बसमध्ये नऊ वर्षांच्या मुली निरखायला लागले होते.

एका गुरुवारी काकू एकोणिसावं प्रकरण वाचत होत्या. मुलगी जिना उतरते. थोरला दाराशी बसलेला असतो. ती म्हणते, "माझा स्वेटर मैदानात राहिला. आणू का?" थोरला म्हणतो, "जा, पण लगेच ये."

इथे काकूंनी पुस्तक मिटलं.

"अजून दहा मिनिटं आहेत," शिडी म्हणाली.

"आज एवढंच." एरवी काकूंचा उजवा हात थरथरायचा. त्या दिवशी दोन्ही थरथरत होते. त्यांनी ते मांडीवर एकमेकांत गुंतवून ठेवले आणि सुटी होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.

शुक्रवारी पहाटे काकू गेल्या. झोपेतून उठताना पलंगाच्या कडेवर बसल्या आणि तिथेच कलंडल्या, असं त्यांच्या यजमानांनी सांगितलं.

आठवडाभर खोलीत कुणी काही वाचलं नाही. सवयीने चहाचे आठ कप ओतले जायचे. तो आठवा कप टेबलाच्या टोकाला निवत राहायचा, त्यावर साय धरायची, आणि तो ओतून टाकायची हिंमत कुणाला व्हायची नाही. शेवटी शिडी म्हणाली, "चार प्रकरणं राहिलीत. ती पोरगी बाहेर गेलेली आहे. तिला तशीच सोडायची का?"

माझे उच्चार बरे म्हणून पुस्तक माझ्याकडे आलं. काकूंची खूण होती अस्तराच्या कापडाची एक पट्टी. मी ती काढली आणि मागच्या चार ओळींपासून सुरू केलं, धागा लागावा म्हणून.

"थोरला दाराशी बसला होता. बाहेर कुणी नव्हतं. ऊन उतरलं तसा तो उठला आणि त्याने दार लोटून घेतलं."

मी थांबले.

"मुलीचं वाच ना," शिडी म्हणाली.

"मुलगी नाहीये."

"गेली का ती?"

"तसं नाही. इथे मुलगी नाहीच."

मी पान उलटलं, मग आणखी एक, मग मागे गेले. अठरा, सतरा, पंधरा. भाऊ होते, जिना होता, दोन चुली होत्या. तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं, "अंगणातला नळ उघडा होता. थोरल्याने तो बंद केला." संपलं. नळाखाली कुणी नव्हतं.

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग वाटलं पानं फाटली असतील. पुस्तक हातोहात टेबलाभोवती फिरलं. शिडीने दोन दिवसांनी दुसऱ्या वाचनालयातून दुसरी प्रत आणली. तिच्यातही मुलगी नव्हती.

"मग दीड महिना आपण कुणाचं ऐकत होतो?" नवीने विचारलं. नवीला आमच्यात येऊन पाच वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणी आलंच नाही म्हणून ती नवीच राहिली.

भीती वाटली असं म्हणणं बरोबर नाही. पण जिन्याच्या दाराकडे पाठ करून बसायला कुणी तयार होईना. खालून कुणी वर येऊ लागलं की सगळ्यांच्या सुया थांबायच्या. मास्तर वर आले की आम्ही त्यांच्या मागे बघायचो. कामाचाही बोजवारा उडाला. एका कोटाच्या दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून बंद केलेली निघाली, आणि कुणी केली ते आजतागायत कळलेलं नाही. मास्तरांनी तो कोट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा घालणाऱ्याने हात कुठे घालायचे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या लेखकालाच विचारा की."

प्रकाशकाच्या पत्त्यावर आम्ही पत्र टाकलं. मजकूर शिडीचा, अक्षर माझं. "तुमच्या पुस्तकात आमच्याकडे एक मुलगी होती. ती आता दिसत नाही. तुम्हाला काही माहीत असल्यास कळवावे. अस्तर मंडळ."

उत्तर आलं नाही. बाराव्या दिवशी, शनिवारी, स्वतः लेखकच आला.

आम्हाला वाटलं होतं, लेखक म्हणजे जरा ऐटीत असेल. हा पन्नाशी उलटलेला, पाणीखात्याच्या गणवेशात, कमरेला बॅटरी अडकवलेला माणूस. लोकांच्या घरची पाण्याची मीटरं तपासणं हे त्याचं काम. नवीने तर त्याला नळाकडेच नेलं.

"पत्र तुम्ही लिहिलंत का?" त्याने विचारलं. "मी अशी कोणतीही मुलगी लिहिलेली नाही. तेच सांगायला आलोय. पत्राने सांगितलं असतं, पण तुमची ती ओळ, 'ती आता दिसत नाही', ती काही मला कामावर स्वस्थ बसू देईना."

आम्ही त्याला बसवलं, आधी काकू सांगितल्या, मग मुलगी सांगितली. प्रत्येकीकडे तिचा एक-एक तुकडा होता. नवीने तिचा जिन्याखालचा खण सांगितला. शिडीने ती धाकट्याच्या ताटातून कशी आधी भाजी संपवते ते सांगितलं. मी तिचं नाकातलं बोलणं करून दाखवलं. त्याने वही काढली होती, पण थोड्या वेळाने लिहायचं थांबवलं.

"त्यांची प्रत बघू," तो म्हणाला.

त्याने काकूंचं पुस्तक खिडकीशी नेलं आणि पानं तिरकी धरली. तेव्हा आम्हाला दिसलं. समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. तो एक-एक ठिपका बोटाने दाखवू लागला. ठिपका होता तिथे नळ उघडा होता. पुढच्या ठिपक्याशी दार किलकिलं होतं. त्यापुढे धाकट्याच्या ताटातली भाजी कमी झालेली. मग जिन्यावर ओली पावलं.

"हे सगळं माझंच आहे," तो म्हणाला. "मी रोज तीस-चाळीस घरांत जातो. दोन मिनिटं आत, आकडा लिहून बाहेर. प्रत्येक घरात असं काहीतरी दिसतं, ज्याचा धनी दिसत नाही. ते मी पुस्तकात घालत गेलो. छापायच्या आधी संपादकांनी विचारलं, नळ कुणी उघडला? मी म्हणालो, कुणी नाही, तो एकटेपणा आहे. त्यांनी ते मान्य केलं. मला मात्र कधी पटलं नाही. त्यानंतर दर वेळी लिहायला बसलो की वाटायचं, त्या घरात कुणीतरी अजून उभं आहे आणि मी त्याच्याकडे न बघताच बाहेर पडलो. नवं काही सुरूच होईना. अकरा वर्षं."

त्याने पुस्तक मिटून मला परत दिलं आणि विचारलं, "या बाई कुठे राहायच्या?"

रविवारी मी त्याला काकूंच्या यजमानांकडे घेऊन गेले. काका पूर्वी बसवर वाहक होते. दोन खोल्यांचं घर, सगळं जागच्या जागी. काकूंचा चष्मा खिडकीत घडी करून ठेवलेला होता. आम्ही मुलीचं बोलायला लागलो तेव्हा काकांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी आधी चहा ठेवला आणि मग सांगितलं.

काकू चोवीस वर्षांच्या असताना एका वसतिगृहात मुलं सांभाळायचं काम करत होत्या. रोज दुपारी चाळीस मुलांची रांग मैदानावर न्यायची, खेळवून परत आणायची. एक दिवस परत येताना मोजलं तर एक मुलगी कमी. मैदान चार मिनिटांवर होतं. स्वेटर कुंपणावर सापडला. मुलगी सापडली नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, कधीच नाही. याला चौतीस वर्षं झाली.

"नोकरी सोडून ती शिवणात आली," काका म्हणाले. "जिथे लहान मूल येणार नाही असं काम हवं होतं तिला. लग्नाआधी मला म्हणाली, माझ्या हातात कधी मूल देऊ नका. मी कबूल केलं."

"आणि हे पुस्तक?" लेखकाने विचारलं.

"रोज कामावर जायच्या आधी घेऊन बसायची. ठिपके मारायची, ओठांत काहीतरी घोळवायची. मी विचारलं, तर म्हणाली, या घरात जागा आहे. दोन म्हातारे आहेत, स्वभावाने बरे आहेत, आणि कुणी तिला प्रश्न विचारणार नाही." काकांनी कप खाली ठेवला. "शेवटच्या दिवशी तिने काय वाचलं? मला ते हवंय."

मी त्यांना सांगितलं. मुलगी जिना उतरते. स्वेटर मैदानात राहिला म्हणते. आणू का विचारते. थोरला म्हणतो, जा, पण लगेच ये.

काका खुर्ची माझ्याजवळ ओढून बसले. मग म्हणाले, "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"तिने विचारलं होतं?"

"पुस्तकात, म्हणजे काकूंच्या वाचण्यात, मुलीने विचारलं होतं."

"मला तिने सांगितलं होतं की पोरगी न विचारता रांगेतून निसटली. चौकशीतही तिने तेच लिहून दिलं. पोलिसांना तेच, वसतिगृहाला तेच, मुलीच्या आईबापांनाही तेच." काका उठले, खिडकीशी गेले. चष्मा उचलला, उघडला, मिटला. "इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपली आणि मला नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं. अस्तरं शिवता शिवता."

मला कुठे बघावं कळेना. लेखक म्हणाला, "काका, हे इथेच राहू दे. आम्ही कुठे बोलणार नाही."

"का?" काका वळले. "तिला बोलायचं होतं. दीड महिना त्या एका वाक्यापर्यंत चालत आली ती. तुम्ही पुढचं लिहा. ते वाक्य त्यात असू द्या, आणि मुलीचं नावही असू द्या."

त्यांनी नाव सांगितलं. ते पुस्तकात आहे. इथे मी ते लिहीत नाही. ज्यांना हवं त्यांनी तिथे वाचावं.

पुढचं जवळजवळ वर्षभर दर शनिवारी दुपारी लेखक आमच्या खोलीत यायचा. जुनीच कादंबरी त्याने मुळापासून लिहायला घेतली होती. आठवड्यात जे होईल ते घेऊन यायचा, काकूंच्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा आणि वाचायचा. वाचायला अगदीच वाईट, सगळं एका सुरात, मीटरचे आकडे सांगावे तसं. पण आम्ही ऐकायचो आणि दुरुस्त करायचो. "ती असं नाही म्हणणार." "तिला कारलं आवडत नाही, काकूंनी सांगितलेलं." एकदा त्याने मुलीला स्वच्छ रुमाल दिला, तर नवी हातातला कोट ठेवून म्हणाली, "रुमाल? आणि बाही कशाला आहे मग?" त्याने निमूटपणे रुमाल खोडला.

तो मला एकदा म्हणाला, "पूर्वी मी लिहायचो तेव्हा पलीकडे कोण वाचतंय हे मला कधी दिसलं नाही. आता लिहिताना तुमच्या सुया थांबलेल्या ऐकू येतात. सुया चालूच राहिल्या तर समजतो, हे पान फुकट गेलं."

भांडण झालं ते शेवटावरून. शिडीचं म्हणणं, मुलीला परत आणायचं. "एवढं तरी करता येतं ना पुस्तकात? नाहीतर लिहायचं कशाला?" काका त्या शनिवारी मुद्दाम आले होते. ते म्हणाले, "परत आणाल तर ते एक वाक्य खोटं पडेल. मग तिने बोलून उपयोग काय?" शिडी रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मखमलीचा तुकडा तिने खिशातून काढून टेबलावर टाकला आणि दोन शनिवार ती लेखकाशी बोलली नाही.

शेवट त्याने असा केला. अंधारायला लागतं. थोरला दाराशी बसून वाट बघतो. धाकटा वरून जिना उतरतो, कारण वरही ती आलेली नसते. दोघं समोरासमोर येतात. एकोणीस वर्षांनी धाकटा तोंड उघडतो. "ती तुझ्याकडे आहे का?" थोरला म्हणतो, "मला वाटलं, तुझ्याकडची." मग थोरला म्हणतो, "मीच जा म्हणालो." आणि दोघं म्हातारे एकच बॅटरी घेऊन मैदानाकडे जातात, तिच्या नावाने हाका मारत. ती सापडत नाही. ते थांबत नाहीत.

तो वाचत असताना कधीतरी सगळ्या सुया थांबल्या होत्या. वाचून झालं तरी कुणी उचलल्या नाहीत. जिन्यात मास्तर उभे होते, तेही वर आले नाहीत की खाली गेले नाहीत. शिडीने लेखकापुढे पाण्याचा पेला सरकवला.

पुस्तक निघालं. पहिल्या पानावर 'अस्तर मंडळास' असं आहे. बऱ्याच ठिकाणी लोकांनी ते वाचलं, इतर मंडळांची पत्रं आली. एका मंडळाने विचारलं की मुलगी प्रतीक आहे का. शिडीने उलटटपाली कळवलं, "नाही."

आणि मग वर्षाच्या आतच एक बाई कारखान्यात आली. पंचेचाळिशीच्या पुढची, अंगावर दवाखान्यातल्या परिचारिकेचे कपडे. हातात पुस्तक. तिने ते आमच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे नाव तुम्हाला कुणी दिलं?"

कुणी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "ती माझी धाकटी बहीण."

मी उठून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. "कुणाला विचारून छापलंत? आमच्या घरातली गोष्ट आहे ही. दुकानात पुस्तक चाळताना मला ते नाव दिसतं, मैदान दिसतं, स्वेटर दिसतो. मला घेरी आली. दुकानदाराने स्टूल दिलं."

"तुम्हाला शोधायला हवं होतं," मी म्हणाले. "आमचं चुकलं." आणि ते खरंच होतं. वर्षभरात आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं, की त्या मुलीला घर असेल. काकूंच्या गोष्टीतल्या मुलीला घर नव्हतं, आणि आम्ही तिलाच खरी धरून बसलो होतो.

मग मी तिला काकू सांगितल्या. थरथरता हात, ठिपके, शेवटचा गुरुवार. ती उभ्यानेच ऐकत होती. स्वेटरच्या वाक्याशी मी आले तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं.

"म्हणजे हे लेखकाने रचलेलं नाही?"

"नाही. काकूंच्या तोंडचं आहे."

"तिने विचारलं होतं?"

"विचारलं होतं. आणि त्यांनी जा म्हटलं होतं."

आता ती बसली. "आमच्या घरी अजून म्हणतात, ऐकायचीच नाही ती, म्हणून गेली. तशी द्वाडच होती. चावायची. तुमच्या पुस्तकात फारच गरीब केलीय तिला." एवढं बोलून तिने नाक पुसलं, हाताच्या पाठीने. "आई जाईपर्यंत म्हणत होती, पोरीने एकदा विचारलं असतं तर. मीही तेच म्हणत आले. माझ्या मुलांना मी तिची गोष्ट सांगितली ती अशीच. न विचारता कुठे जाऊ नका, मावशी बघा कशी गेली."

नवीने तिच्यापुढे चहा ठेवला. ती प्यायली नाही, पण कप दोन्ही हातांत धरून ठेवला.

तिने काकांचा पत्ता मागितला. मी म्हणाले, मी येते सोबत. मास्तरांनी मी न मागताच सुटी दिली. काकांनी दार उघडलं, तिने नाव सांगितलं, आणि काका दारातून बाजूला झाले. मी आत गेले नाही. पायरीवर बसून राहिले. तासभर आतून काही ऐकू आलं नाही. आत दोघंच आहेत हे माहीत असूनही मला वाटत होतं, दोघंच नाहीत.

ती बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. आम्ही बसथांब्यापर्यंत चालत गेलो. बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "ते सारखे माफी मागत होते. मी म्हणाले, तुम्ही नका मागू, तुमची नाही ती."

"माफ केलंत का तुम्ही काकूंना?"

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "अजून नाही."

बस लांबून दिसू लागली. तिने पुस्तक पिशवीत घातलं, परत बाहेर काढलं. "वडील आहेत अजून. शहाऐंशी पूर्ण झाली. त्यांना कळायला हवं. पण त्यांना दिसत नाही. मलाच वाचून दाखवावं लागेल, आणि मी कधी कुणाला मोठ्याने वाचून दाखवलेलं नाही."

"सुरुवातीला घसा कोरडा पडतो," मी म्हणाले. "पाणी जवळ ठेवा. आणि ते मध्येच थांबा म्हणाले तर थांबा, पण पान दुमडू नका. खुणेला काहीतरी घाला."

तिने मान डोलावली आणि बसमध्ये चढली.